तळघरातला गुड फ्रायडे

२० एप्रिल १९६२. गुड फ्रायडेची दुपार. बॉस्टन विद्यापीठाच्या मार्श चॅपेलमध्ये वरच्या मुख्य सभागृहात डीन हॉवर्ड थर्मन यांची प्रार्थनासभा चालू होती. त्याच इमारतीच्या तळघरात एक लहानसं प्रार्थनागृह आहे. तिथं वीस तरुण बाकांवर बसले होते. वरचं प्रवचन, ऑर्गन, गायन हे सगळं त्यांच्यापर्यंत ध्वनिक्षेपकातून पोचत होतं. सगळे अँडोव्हर न्यूटन या धर्मशास्त्र महाविद्यालयाचे विद्यार्थी, बहुतेक पुढे पाद्री व्हायला निघालेले. सभा सुरू होण्याच्या साधारण दीड तास आधी प्रत्येकानं एकसारखी दिसणारी कॅप्सूल गिळली होती. दहा जणांच्या कॅप्सूलमध्ये ३० मिलिग्रॅम सिलोसायबिन होतं. उरलेल्या दहा जणांच्या कॅप्सूलमध्ये २०० मिलिग्रॅम निकोटिनिक आम्ल, म्हणजे ब जीवनसत्त्वातलाच एक प्रकार. कुणाच्या पोटात काय गेलंय हे घेणाऱ्यांना ठाऊक नव्हतं आणि देणाऱ्यांनाही नव्हतं.

हा प्रयोग आखला होता वॉल्टर पांके यांनी. तिशी नुकतीच ओलांडलेले पांके डॉक्टर होते, पाद्रीही होते, आणि हार्वर्डमध्ये पीएच.डी.चा प्रबंध लिहीत होते. त्यांचा प्रश्न साधा आणि धाडसी होता. माणसाचं मीपण गळून पडतं, आपण आणि जग यांच्यातली भिंत उरत नाही, काळ थांबतो, असं सांगणारी माणसं प्रत्येक धर्मात झाली. वर्षानुवर्षांची साधना, उपवास, एकांत, कधी आजारपण, कधी नुसती कृपा, अशा वाटांनी ती तिथवर पोचली. तोच अनुभव ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, औषधाच्या मात्रेनं येऊ शकतो का? आणि आलाच, तर तो तोच आहे हे ओळखायचं कसं?

दुसरा प्रश्न पहिल्याहून अवघड होता. पांके यांनी त्यासाठी दोन तत्त्वज्ञांचा आधार घेतला. पहिले विल्यम जेम्स. नायट्रस ऑक्साइड हुंगून आलेला अनुभव त्यांनी स्वतः गंभीरपणे नोंदवला होता, आणि धार्मिक अनुभवांवरच्या १९०२ च्या ग्रंथात अशा अवस्थेची चार लक्षणं सांगितली होती. दुसरे डब्ल्यू. टी. स्टेस. हे गृहस्थ १९१० पासून वीसहून अधिक वर्षं सिलोनच्या मुलकी सेवेत होते. नंतर अमेरिकेत प्रिन्स्टनला तत्त्वज्ञान शिकवलं. १९६० च्या ग्रंथात त्यांनी जगभरच्या साक्षात्कारांची छाननी केली आणि त्यांत समान काय ते वेगळं काढलं. आतल्या एकत्वाच्या अनुभवाचं वर्णन करताना त्यांनी मांडूक्य उपनिषदातल्या चौथ्या अवस्थेचा, तुरीयेचा, आधार घेतला आहे. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. बॉस्टनच्या तळघरात प्रोटेस्टंट तरुणांना जी प्रश्नावली मिळाली, तिच्या मुळाशी एक उपनिषद होतं.

या दोघांच्या लिखाणातून पांके यांनी नऊ कसोट्या तयार केल्या. एकत्वाची जाणीव, स्थळकाळाचं भान सुटणं, खोल आनंद, पावित्र्याची भावना, हे खरं आहे अशी खात्री, परस्परविरोधी गोष्टी एकदम खऱ्या वाटणं, शब्दांत सांगता न येणं, अनुभवाचं क्षणिक असणं. आणि शेवटची कसोटी अशी, की माणसाच्या वागण्यात टिकून राहणारा चांगला बदल. आपल्याकडच्या कोणत्याही संताला या शेवटच्या कसोटीचं महत्त्व समजावून सांगावं लागलं नसतं.

औषध आलं कुठून, ते सांगायला हवं, कारण त्याशिवाय पांके यांच्या आखणीचं मोल कळत नाही. मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतात वाउत्ला दे हिमेनेझ नावाचं डोंगरातलं गाव आहे. तिथले माझातेक लोक विशिष्ट अळंब्या रात्रीच्या विधीत खात असत. करमणुकीसाठी नव्हे, तर आजाऱ्याला काय झालंय आणि तो बरा कसा होईल, हे विचारण्यासाठी. गावातली मारिया साबिना ही असे विधी करणारी वैदीण. जून १९५५ मध्ये न्यूयॉर्कचे बँक अधिकारी आणि हौशी अळंबीतज्ज्ञ गॉर्डन वॉसन तिच्याकडे विधीला बसले. १३ मे १९५७ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकात त्यांनी ती हकीकत छापली. गाव कोणतं ते त्यांनी लपवलं होतं, बाईचं नाव बदललं होतं, तरी लोकांनी शोधून काढलंच. पुढच्या वर्षांत परदेशी तरुणांच्या झुंडी वाउत्लात येऊ लागल्या. पोलीस मागोमाग आले. मारिया साबिनाचं घर जाळलं गेलं. परके लोक देव शोधायला म्हणून येऊ लागल्यापासून अळंब्यांची शक्तीच गेली, असं ती उतारवयात सांगायची.

त्या अळंब्यांचे नमुने पॅरिसच्या रॉजे आइम यांच्यामार्फत स्वित्झर्लंडला बाझेलमधल्या सांडोझ कंपनीत आल्बेर्ट होफमान यांच्याकडे पोचले. होफमान म्हणजे एलएसडीचा परिणाम १९४३ मध्ये प्रथम अनुभवणारे रसायनशास्त्रज्ञ. १९५८ मध्ये त्यांनी अळंबीतला गुणकारी अंश वेगळा केला आणि त्याला सिलोसायबिन हे नाव दिलं. सांडोझ त्याच्या गोळ्या संशोधकांना पुरवू लागली. १९६० च्या उन्हाळ्यात हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ टिमोथी लिअरी यांनी मेक्सिकोतल्या क्वेर्नावाकात अळंब्या खाल्ल्या, आणि परतल्यावर सहकारी रिचर्ड आल्पर्ट यांना सोबत घेऊन सिलोसायबिनचा प्रकल्प सुरू केला. पांके यांना औषध मिळालं ते या प्रकल्पातून.

वाउत्लाचा विधी मागे राहिला होता आणि हाती उरली होती नुसती गोळी. पांके यांचं वेगळेपण असं, की त्यांनी त्या गोळीला पुन्हा विधी मिळवून दिला. विद्यार्थ्यांना इस्पितळाच्या खाटेवर झोपवून, हाताला यंत्रं लावून त्यांना हा प्रयोग करता आला असता. त्यांनी चर्च निवडलं, वर्षातला सर्वांत गंभीर दिवस निवडला आणि प्रवचनाला हॉवर्ड थर्मन यांना विनंती केली.

थर्मन हे कृष्णवर्णीय. त्यांना वाढवलं ते गुलामीत जन्मलेल्या आजीनं. बहुसंख्य गोऱ्या विद्यापीठात चॅपेलचे डीन होणारे ते पहिले कृष्णवर्णीय. फेब्रुवारी १९३६ मध्ये ते पत्नीसह बारडोलीला गांधीजींना भेटले होते. तेव्हा गांधीजींनी त्यांना एक गीत म्हणायला सांगितलं: येशूला क्रुसावर चढवलं तेव्हा तू तिथं होतास का, असं विचारणारं गुलामांचं भक्तिगीत. सू बेली थर्मन यांनी ते म्हटलं. अहिंसेचा निर्भेळ संदेश कदाचित अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांकडूनच जगाला मिळेल, असं गांधीजी त्या भेटीत म्हणाले. क्रुसाबद्दल बोलताना माणसाच्या आत शिरणारा असा वक्ता पांके यांना लाभला होता. प्रयोगात काय आहे हे माहीत असूनही थर्मन यांनी तळघर वापरू दिलं, ही त्यांची हिंमतच म्हणायची.

तयारी काळजीपूर्वक झाली होती. विद्यार्थ्यांची शारीरिक आणि मानसिक तपासणी केली गेली. चार-चार जणांचे पाच गट पाडले, प्रत्येक गटाला दोन मार्गदर्शक दिले, आणि ही मंडळी आधी भेटून एकमेकांच्या सरावाची झाली. वाद झाला तो मार्गदर्शकांवरून. पांके यांच्या मते मार्गदर्शकांनी कोरडं राहायला हवं होतं. लिअरी म्हणाले, सगळ्यांनी एकत्र जायचं. तडजोड अशी निघाली, की प्रत्येक गटातल्या दोघांपैकी एका मार्गदर्शकाला अर्धी मात्रा, १५ मिलिग्रॅम, मिळावी. पांके यांनी स्वतः तोवर हे औषध मुद्दाम घेतलं नव्हतं. अनुभव घेऊन बसलेल्या माणसावर पक्षपाताचा आरोप होतो, आणि तो त्यांना नको होता.

मग तो दिवस उजाडला. निकोटिनिक आम्लानं चेहरा लाल होतो, अंगाला ऊब येते, कातडीला मुंग्या येतात. ते निवडलं होतं ते याचसाठी. सुरुवातीला चेहरे लाल झालेले विद्यार्थी एकमेकांकडे अर्थपूर्ण नजरेनं पाहू लागले: आपल्याला खरं औषध मिळालं! थोड्याच वेळात लाली उतरली आणि ते आपल्या बाकांवर शहाण्यासारखे प्रवचन ऐकत बसून राहिले. बाकीच्या दहा जणांचं चित्र वेगळं होतं. कुणी बाकावर आडवा झाला, कुणी जमिनीवर पसरला, कुणी प्रार्थनागृहात भटकू लागला. कुणाला काय मिळालंय ते आता उघड दिसत होतं. आखणीतलं दुहेरी गुपित सभा संपायच्या आतच फुटलं होतं, आणि प्रयोगाच्या शास्त्रीय बाजूची ही सर्वांत मोठी कमजोरी आहे.

त्या दहांपैकी एकानं पुढे आपला अनुभव जाहीरपणे सांगितला. त्याला समोर रंगीत पट्ट्यांचं एक वर्तुळ दिसलं. मध्यभागातून पट्टे बाहेर पसरत होते आणि प्रत्येक पट्टा म्हणजे त्याचं एक संभाव्य आयुष्य होतं. कोणतंही निवड, पण निवडायला हवं. त्याला निवडता येईना. आतडी पिळवटून बाहेर काढावीत तशी वेदना झाली आणि त्याला कळलं, की आपण मरतोय. तो मेला, म्हणजे जो निवड करणार होता तो उरला नाही. त्यानंतर शांतता आली. हा विद्यार्थी पुढे खरोखरच धर्मगुरू झाला.

‘मी’ विरघळतो असं आपण सहज लिहून जातो, पण या माणसाच्या सांगण्यात विरघळण्याचा गोडवा आधी नाही. आधी मरणाची भीती आहे, आणि ती खरीच भीती आहे, कारण त्या घटकेला माणसाला परत येण्याची हमी नसते. भोवती ओळखीची माणसं, कानावर थर्मन यांचा धीराचा आवाज आणि मनात लहानपणापासूनची श्रद्धा असल्यामुळे त्याला सोडून देता आलं, असं मला वाटतं.

अर्धी मात्रा घेतलेल्या मार्गदर्शकांत एमआयटीचे धर्मअभ्यासक हस्टन स्मिथ होते. चीनमध्ये मिशनऱ्यांच्या घरी जन्मलेले, वेदान्ताचा आणि बौद्ध ध्यानाचा अभ्यास केलेले. ईश्वर व्यक्तीच्या रूपात त्यांना तोवर कधी भेटला नव्हता. त्या दुपारी एका गायिकेच्या सुरांतून ती भेट झाली आणि तिचा ठसा आयुष्यभर पुसला गेला नाही, असं त्यांनी पुढे सांगितलं.

त्याच दुपारी आणखी एक प्रसंग घडला. दहांपैकी एक विद्यार्थी उठला, दार उघडून बाहेर पडला आणि मार्श चॅपेलसमोरच्या कॉमनवेल्थ अव्हेन्यूवर चालू लागला. भर शहरातला, गाड्यांचा रस्ता. देवानं आपल्याला निवडलंय, शांतीचं युग येतंय ही वार्ता जगाला सांगायची आहे, अशी त्याची खात्री झाली होती. स्मिथ आणि इतर मार्गदर्शक त्याच्या मागे धावले. त्याला कसंबसं आत आणलं. तो आवरेना, तेव्हा त्याला क्लोरप्रोमॅझिनचं इंजेक्शन देऊन शांत करावं लागलं. त्याचंही मीपण सुटलं होतं, पण त्या जागी एक प्रचंड मोठा ‘मी’ येऊन बसला होता. ही दोन टोकं एकाच औषधाच्या एकाच मात्रेतून, एकाच खोलीत निघाली.

पुढच्या दिवसांत सगळ्यांनी आपापले अनुभव लिहून दिले आणि १४७ बाबींची प्रश्नावली भरली. सहा महिन्यांनी पुन्हा विचारणा झाली. लेखी वर्णनांना गुण देणाऱ्यांना कोणी काय घेतलं होतं हे सांगितलेलं नव्हतं. निकाल ठळक होता. सिलोसायबिन घेतलेल्या दहांपैकी आठ जणांच्या अनुभवात नवापैकी किमान सात कसोट्या उतरल्या. दुसऱ्या गटात असं कोणीच नव्हतं. १९६३ मध्ये प्रबंध सादर झाला.

विरोधक गप्प नव्हते. ऑक्सफर्डचे आर. सी. झेनर यांनी आल्डस हक्सले यांच्या मेस्कलीनच्या पुस्तकाला उत्तर म्हणून १९५७ मध्येच मांडलं होतं, की रसायनानं आलेली अवस्था आणि ईश्वराशी होणारं मीलन यांना एका मापानं मोजणं चूक आहे. त्यांनी स्वतः मेस्कलीन घेऊन पाहिलं होतं आणि त्यात त्यांना पवित्र असं काही आढळलं नव्हतं. हा आक्षेप आजही निकाली निघालेला नाही. पांके यांचा दावा मात्र मर्यादित होता: वर्णनांत फरक करता येत नाही, एवढंच.

त्या मर्यादित दाव्याला शांतपणे वाढायला वेळ मिळाला नाही. १९६३ मध्ये लिअरी आणि आल्पर्ट दोघांनाही हार्वर्डमधून काढलं. लिअरी यांनी तरुणांना उघड आवाहन करायला सुरुवात केली, एलएसडी रस्त्यावर आलं, आणि १९६६ मध्ये सांडोझनं पुरवठा थांबवला. १९७० च्या अमेरिकी कायद्यानं ही द्रव्यं सर्वांत कडक यादीत टाकली. आल्पर्ट १९६७ मध्ये भारतात आले, कुमाऊँत नीम करौली बाबांचे शिष्य झाले आणि राम दास या नावानं परतले. सत्तरीच्या दशकात हणजुणेच्या किनाऱ्यावर गोवेकरांनी जे पाहिलं, तो याच लाटेचा एक फेस. तिथं थर्मन नव्हते, तयारी नव्हती, हात धरणारंही कोणी नव्हतं. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं सिलोसायबिन आणि एलएसडी दोन्ही बेकायदा आहेत.

पांके मेरीलँडमधल्या स्प्रिंग ग्रोव्हला गेले. तिथं कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेतल्या रुग्णांना नियंत्रित वातावरणात औषध देऊन मरणाची भीती कमी होते का, याचा अभ्यास विल्यम रिचर्ड्स आणि इतरांसोबत त्यांनी केला. जुलै १९७१ मध्ये मेन राज्यातल्या समुद्रात पाणबुड्याची नळकांडी लावून ते उतरले आणि परत आले नाहीत. त्यांचा मृतदेह सापडला नाही.

गुड फ्रायडेची फाईल पुन्हा उघडली रिक डॉब्लिन या फ्लॉरिडातल्या पदवीच्या विद्यार्थ्यानं. मूळ कागदपत्रं हरवली होती. नावं गुप्त होती. ऐंशीच्या दशकात त्यानं वर्षानुवर्षं खटपट करून बहुतेक सहभागींचा माग काढला आणि १६ जणांच्या मुलाखती घेतल्या. सात सिलोसायबिनवाले, नऊ दुसरे. १९९१ मध्ये निबंध छापून आला. पाव शतक उलटूनही त्या सातही जणांच्या मते तो अनुभव अस्सल होता, आयुष्यातल्या आध्यात्मिक उंचींपैकी एक होता. दुसऱ्या गटातल्या बऱ्याच जणांना तो दिवस धड आठवतही नव्हता. नवव्या कसोटीपुरतं पांके यांचं म्हणणं टिकलं.

पण डॉब्लिननं दुसरंही काही शोधून काढलं. ज्यांना तो अनुभव मोलाचा वाटत होता, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला त्या दुपारी भीतीचे, वेड लागेल की काय असे क्षण आले होते. प्रबंधात त्यांना पुरेसं वजन नव्हतं. आणि रस्त्यावर गेलेल्या विद्यार्थ्याला दिलेल्या इंजेक्शनचा तर पांके यांनी उल्लेखच केला नव्हता.

हे का झालं असावं, ते समजणं कठीण नाही. वातावरण तापलं होतं, एक वाईट बातमी सगळं संशोधन बंद पाडू शकली असती. तरीही ही गफलत क्षम्य नाही असंच मी म्हणेन. जो माणूस पक्षपात टाळण्यासाठी स्वतः औषध घेत नाही, त्याच्याकडून ही अपेक्षा जास्तच असते. लपवल्यानं संशोधन वाचलं नाही. ते बंद पडायचं ते पडलंच, आणि त्या दहांतल्या एकाला द्यावं लागलेलं इंजेक्शन, जे इतर नवांच्या अनुभवांइतकंच शास्त्राचा भाग होतं, नोंदीबाहेर राहिलं.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलंड ग्रिफिथ्स यांनी हाच प्रश्न पुन्हा हाती घेतला आणि २००६ मध्ये निबंध छापला. मदतीला पांके यांचे जुने सहकारी विल्यम रिचर्ड्स होते, आणि वापरलेली प्रश्नावली मार्श चॅपेलच्या प्रश्नावलीचीच वंशज होती. ३६ स्वयंसेवक, दिवाणखान्यासारखी खोली, डोळ्यांवर पट्टी, संगीत, सोबत दोन जाणकार माणसं, आणि तुलनेसाठी निकोटिनिक आम्लापेक्षा ओळखायला अवघड असं दुसरं औषध. दोन महिन्यांनी सुमारे दोन तृतीयांश लोकांनी तो अनुभव आयुष्यातल्या पाच सर्वांत अर्थपूर्ण अनुभवांत धरला. इतकी निवड आणि इतकी तयारी करूनही ३६ पैकी ११ जणांना त्या दिवसात कधी ना कधी तीव्र भीती वाटली होती. हा आकडा त्याच निबंधात, उघडपणे छापलेला आहे. आजकाल या औषधांच्या नव्या अभ्यासांच्या बातम्या मराठी वर्तमानपत्रांतही येऊ लागल्या आहेत. त्या वाचाल तेव्हा किती जणांना देव भेटला हे पाहण्याआधी किती जण घाबरले आणि त्यांचं पुढे काय झालं, ते कुठे लिहिलंय हे शोधा.